पाण्यात उभा तराफा

नाथाजी सुईण आणायला निघाला, तिथून ही गोष्ट सुरू होते, असं दादासो म्हणाले आणि त्यांनी चुलवाणात चिपाडाची एक पेंढी सारली.

एकोणऐंशीचा जानेवारी होता. कुंडलच्या रानात त्यांचं गुऱ्हाळ रात्रभर चालायचं. काहिलीतला रस आटेपर्यंत कुणाचा डोळा लागू नये म्हणून दादासो काहीबाही सांगत बसत. ऐकायला अर्जुना, बाळासो आणि आम्ही दोघं-तिघं पोरं.

"भुताची हाय का?" बाळासोनं विचारलं.

"भूत मी बघितलं न्हाई. ज्याच्यावर बेतलं त्यो माज्याबरुबर एका तंबूत झोपायचा. त्याला खोटं बोलायलाच येत नव्हतं. रजेच्या अर्जातबी खरं कारण लिवायचा, म्हणून त्याला रजा मिळायची न्हाई."

सगळे हसले. मग दादासोंनी सांगितलं ते असं.

नाथाजी आणि ते पूल बांधणाऱ्या पलटणीत होते. पोकळ नावा नदीत शेजारी शेजारी उभ्या करायच्या, त्यांवर फळ्या टाकायच्या आणि गाड्या पार करायच्या, हे त्यांचं काम. एकाहत्तरच्या लढाईत दोघंही पूर्वेकडच्या नद्यांवर होते. तिथेच नाथाजीला आई गेल्याची तार मिळाली, तीही फार उशिरा. तोवर त्या माउलीचे, मनुबाईचे, दिवसही झाले होते.

नाथाजीचं गाव वाईच्या वरच्या अंगाला, कृष्णेच्या खोऱ्यात. तो पेन्शन घेऊन आला तोवर धरणाची भिंत उभी राहिली होती. पुढे पाणी अडलं. गाव उठून पलीकडच्या माळावर, सडकेजवळ, नव्या वसाहतीत गेलं. गावाचं नाव दादासोंनी सांगितलं नाही. पाण्याखालच्या गावाचं नाव रात्री घेऊ नये, एवढंच म्हणाले.

नाथाजीची थोडी जमीन मात्र अलीकडच्या चढावर, पाण्याच्या वर राहिली. तिथे त्याने छप्पर घातलं. सडकेवरून तिथे यायचं तर डोंगराला वळसा घालून दिवस जायचा. म्हणून त्याने डांबराची रिकामी पिंपं जमवली, बांबू आणि फळ्या आणल्या आणि पलटणीत शिकला होता तसा तराफा केला. लोक हसले. पण पुढे तेच लोक त्यावरून वैरण न्यायला लागले.

त्या दिवसांत ज्वारीच्या राखणीला वस्तीवर तिघंच होती. नाथाजी, त्याची बायको रंगूबाई आणि केरबातात्या. केरबातात्या जुन्या गावचा नावाडी. वसाहतीत त्याला घर मिळालं होतं, पण तो तिथे एक रात्रही झोपला नव्हता. रंगूबाईचे दिवस भरायला अजून अवकाश होता. या आधी तिची दोन मुलं पोटातच गेली होती. म्हणून हे तिसरं असं होतं की घरात कुणी त्याच्याबद्दल मोठ्याने बोलतसुद्धा नसे.

"सत्त्याहत्तर सालचा कार्तिक," दादासो म्हणाले. "शुक्रवार. अमावस्येची आदली रात."

"आदली?" अर्जुना म्हणाला. "अमावस्याच धरा की दादासो, गोष्टीला बरी."

"अमावस्या असती तर नाथा सावध ऱ्हायला असता, गड्या."

शुक्रवारी दुपारी रंगूबाईच्या पोटात कळा सुरू झाल्या. नाथाजी तराफा घेऊन वसाहतीकडे गेला आणि सुईण भामाबाईला घेऊन निघाला. भामाबाई जाडजूड, तोंडाने फटकळ. फळीवर बसताना म्हणाली, "पिपावर बसवून न्यायला मी काय डांबार हाय व्हय रं?"

"मावशी, बांबू मारू द्या. बोलू नगा."

"मी बोलले न्हाई तर बुडायचा न्हाई का ह्यो?"

ती हसत होती. वस्तीवर पोचून तिने रंगूबाईच्या पोटावरून हात फिरवला, तेव्हा तिचं हसणं थांबलं. ती बाहेर आली तेव्हा दिवस मावळला होता.

"पोर आडवं हाय," ती म्हणाली. "माज्या हातनं व्हायाचं न्हाई. वाईला दवाखान्यात न्यायला पायजे."

"आत्ता?"

"आत्ता नेशील?"

नाथाजीने पाण्याकडे पाहिलं. चंद्र उगवणार नव्हता. मधल्या पाण्यात जुन्या आंब्यांचे वाळके शेंडे ठिकठिकाणी वर आलेले होते, काही अगदी पाण्याबरोबर. अंधारात एखादं पिंप त्यावर गेलं तर फाटलंच.

"न्हाई," तो म्हणाला. "उजाडल्या उजाडल्या."

"पहाटंपतुर मी सांभाळती. पर उजाडल्यावर घटकाभर बी थांबायचं न्हाई बग. न्हाई तर दोन्ही जातील."

त्यानंतर काठावर वाद झाला.

"वर वढ तराफा," केरबातात्या म्हणाला.

"पाणी उतरतंय, तात्या. कालव्याला सोडलंय." नाथाजीने हाताने काठ दाखवला. तिथला उतार इतका सपाट होता की पाणी चार बोटं खाली गेलं तरी काठ कितीतरी मागे सरके. "आत्ता वर वढला तर सकाळी फुडं निसता चिखुल. मी एकटा, तुमी म्हातारं. जागचा हलायचा न्हाई."

"मंग काय करतोस?"

"कमरंएवढ्या पाण्यात लंगर टाकून हुबा करतो. फुडं एक, मागं एक. पाणी उतरलं तरी तरंगत ऱ्हाईल."

लंगर म्हणजे विहिरीत पडलेली घागर काढायचा असतो तसा गळ, पण लोहाराकडून मोठा करून घेतलेला. केरबातात्याने तो पायाने सरकवून पाहिला.

"शेतात नांगर ऱ्हायला न्हाई आन पाण्यात लंगर आला," तो म्हणाला. "नाथा, उभा जलम मी नाव चालवली. एक रात बी पाण्यात ठिवली न्हाई. आदी वर वढायची, पालथी घालायची, मंग भाकरी खायाची. माज्या बानंबी तसंच केलं."

"का पर?"

"पाण्यात हुबी नाव म्हंजी कुणाची तरी वाट बघणारी नाव. येईल त्यो बसतो."

"आवं तात्या, हितं येणार कोण? आपून चौघं."

केरबातात्या पाण्याकडे बघत राहिला. "आपून चौघं व्हय," तो म्हणाला आणि छपराकडे गेला.

दादासो इथे थांबले. पलटणीच्या हिशोबाने नाथाजीचंच बरोबर होतं, असं त्यांनी आम्हाला दोनदा सांगितलं. मी असतो तर मीही तेच केलं असतं, म्हणाले.

नाथाजीने तराफा कमरेएवढ्या पाण्यात नेला. पुढचा लंगर खोल बाजूला टाकला, मागचा काठाकडे. दोर ताणून पाहिले. वारा सुटला, लंगर सरकला तर लगेच कळावं म्हणून तो घोंगडी घेऊन तराफ्यावरच झोपला. उशाला बॅटरी. छपरात कंदील होता, त्याचा उजेड काठापर्यंतही येत नव्हता. मधूनमधून रंगूबाईचं कण्हणं ऐकू यायचं.

थंडी होती. वारा नव्हता. पाणी इतकं स्थिर की त्याला आपण जमिनीवरच आहोत असं वाटलं.

त्याचा डोळा लागला असावा. जाग आली ती तराफा कलला म्हणून.

थोडासाच कलला. एका बाजूला खाली गेला, मग हळूच सरळ झाला. नावेत माणूस चढताना नाव जशी एका अंगाला दबते, मग तो मध्ये सरकून बसला की सरळ होते, तसा.

त्याला वाटलं, केरबातात्या आला.

"तात्या?"

कुणी बोललं नाही.

मग त्याच्या लक्षात आलं. तराफा काठाच्या बाजूला कलला नव्हता. खोल पाण्याच्या बाजूला कलला होता.

तो पडून राहिला. पुन्हा तसंच झालं. दबला… सरळ झाला. थोड्या वेळाने पुन्हा. पाण्याचा आवाज नाही, पावलाचा नाही. फक्त खाली पिंपं जरा जरा पाण्यात जात होती, आणि प्रत्येक वेळी तराफा थोडा कमी वर येत होता. एसटीत माणसं चढतात आणि आतली माणसं सरकून जागा देतात, तसं ते चाललं होतं. घाई नव्हती. कुणी कुणाला ढकलत नव्हतं.

"कोण हाय?" त्याने विचारलं.

सगळं थांबलं.

मग पुन्हा दबला.

फळ्यांच्या फटींतून पाणी वर आलं. घोंगडी पाठीखाली भिजली. तो उठून बसला आणि गुडघे पोटाशी घेतले. पाय पसरायला भीती वाटली. पाय कुणाला तरी लागेल, असं वाटलं.

तेवढ्यात छपरात रंगूबाई कण्हली. मोठ्याने.

आणि तराफा एकदम गप झाला. आधी बारीक बारीक हलत होता, माणसं बसली की हलतो तसा. ते हलणंसुद्धा थांबलं. जणू सगळ्यांनी कान दिला होता.

कण्हणं थांबलं. तराफा पुन्हा हलू लागला.

"पळून जायाचं की," बाळासो हळूच म्हणाला.

"कुठं?" दादासो म्हणाले. "तराफा सोडून गेला, लंगर सुटला, तर सकाळी बायकोला कशातनं न्यायचं?"

नाथाजी तिथेच बसून राहिला. रात्र किती झाली होती ते त्याला कळत नव्हतं. बऱ्याच वेळाने तराफा शेवटचा एकदा दबला. या वेळी त्याच्या उजव्या हाताशी, कोपऱ्यात. फार हलकं वजन होतं. म्हाताऱ्या माणसाचं असतं तसं. ते मध्ये सरकलं नाही. तिथेच, त्याच्याजवळ बसलं.

भीती तेवढ्यापुरती गेली, असं त्याने दादासोंना नंतर सांगितलं. दुसरंच काहीतरी वाटलं.

बॅटरी त्याच्या हातात होती. बटणावर अंगठा होता. त्याने ती लावली नाही.

"का न्हाई लावली?" अर्जुनाने विचारलं.

"मी बी इचारलं. त्यो म्हणला, लावली आन कुणी नसलं, तर?"

काहिलीतला रस वर यायला लागला होता. गुळव्याने पळीने मळी काढली. 

उजाडलं तेव्हा पाण्यावर धुकं होतं. संध्याकाळी पाणी जिथे होतं तिथे आता चिखल होता, पार लांबवर. तराफा काठावर ओढला असता तर त्या चिखलात रुतून बसला असता. आता तो मांडीएवढ्या पाण्यात उभा होता. पण फळ्या पाण्याबरोबर होत्या. रिकाम्या तराफ्याची पिंपं अर्धी वर असायची. त्या दिवशी पिंपं दिसतच नव्हती.

केरबातात्या आणि भामाबाई रंगूबाईला घोंगडीच्या झोळीत घालून चिखलातून आले. तिचा चेहरा पांढरा पडला होता. नाथाजीने उतरून झोळीचं एक टोक धरलं आणि त्यांनी तिला फळ्यांवर ठेवलं. तिच्या पाठीवरून पाणी वाहायला लागलं. भामाबाईने एक पाय वर ठेवला, तसा तराफा आणखी खाली गेला.

"नाथा, ह्यो भरलाय का फुटलाय?" भामाबाई म्हणाली.

नाथाजीने पाण्यात हात घालून पिंपावर मूठ मारली. पोकळ वाजलं. दुसऱ्यावर मारली. तेही पोकळ.

"ह्यो न्यायचा न्हाई मला," तो म्हणाला.  "मधी बुडंल. तात्या, ह्यो न्यायचा न्हाई."

केरबातात्या पाण्यात उभा होता. त्याने फळीवर हात ठेवला आणि रिकाम्या जागेवरून नजर फिरवली, नावाडी उतारू मोजतो तशी.

"देव नेले गाडीत घालून, हलगी लावून," तो हळू म्हणाला. "माणसं नेली, ढोरं नेली. जी जाळली-पुरली, त्यास्नी चला म्हणायला कुणी गेलं न्हाई."

मग त्याने घसा साफ केला. नेहमीच्या आवाजात, जुन्या नावेवर उभा राहून बोलायचा तसा तो बोलला.

"उतरा रं समदी. बाळंतीण हाय. तिला फुडं जाऊ द्या. दुसरी खेप तुमची."

काही झालं नाही.

"दुसरी खेप तुमची," केरबातात्या पुन्हा म्हणाला. "मी शब्द देतो. मला वळखता न्हवं?"

तराफा हलला. एक कड वर आली… थांबली. पुन्हा वर आली. पिंपांची काळी पाठ पाण्यातून दिसू लागली. आधी बोटभर, मग वीतभर. रंगूबाईच्या अंगाखालचं पाणी फटींतून निघून गेलं. भामाबाईने पदर तोंडात धरला होता. 

बऱ्याच वेळाने हलणं थांबलं. तराफा मोकळा झाला होता. फक्त एक कोपरा, रंगूबाईच्या पायाशी उजवीकडचा, बारीकसा दबलेला राहिला.

नाथाजीने केरबातात्याकडे पाहिलं.

"ऱ्हाऊ दे," केरबातात्या म्हणाला. "ती न्हाई उतरायची. तू चल."

"तात्या, तुमी?"

"मी ह्यांच्यासंगट थांबतो. शब्द दिलाय."

नाथाजीने लंगर उचलले आणि बांबू रोवला. धुक्यातून मागे पाहिलं तेव्हा केरबातात्या मांडीएवढ्या पाण्यात तसाच उभा होता, काठाकडे पाठ करून.

मधल्या पाण्यात नाथाजी आंब्यांचे शेंडे बघत बघत तराफा नेत होता. भामाबाई रंगूबाईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. दोन्ही हात तिच्या मानेखाली होते. रंगूबाईचं कण्हणं हळूहळू कमी झालं.  बायको जातेय, असंच नाथाजीला वाटलं.

मग रंगूबाई बोलली. "मावशी, पोटावरचा हात काढू नगा. बरं वाटतंय."

भामाबाईने आपल्या हातांकडे पाहिलं. मग समोर पाहिलं.

"न्हाई काढत, बाळ," ती म्हणाली.

पलीकडे पोचताच नाथाजीने तराफा तसाच जोरात चिखलावर घातला आणि ओरडून माणसं जमवली. चौघांनी रंगूबाईला उचललं. सडकेवर धरणाच्या कामाची जीप होती, तिच्यात घातलं. जीपमध्ये चढताना त्याला आठवण झाली आणि त्याने मागे वळून पाहिलं. तराफ्याचा कोपरा सरळ झालेला होता. आई कधी उतरली ते त्याला कळलं नाही.

ती वारली तेव्हा कळलं नव्हतं, या दुसऱ्या वेळीही कळलं नाही.

"पोर?" बाळासोने विचारलं.

"पोरगी. दुपार व्हायच्या आत झाली. डाक्टरीणबाई म्हणल्या, पोर सरळ हाय की, आडवं हाय म्हणून कुणी सांगितलं? भामाबाई गप बसली. तिच्या जल्मात ती तेवढीच येळ गप बसली."

दादासो त्या दिवशी सहजच नाथाजीकडे निघाले होते. वाईच्या स्टँडवर उतरले तेव्हा कुणीतरी सांगितलं, ते तसेच दवाखान्यात गेले. नाथाजी व्हरांड्यात बसला होता. त्याने रात्रीचं सगळं तिथेच सांगितलं, एका दमात, मान खाली घालून.

"आन बाकीची?" अर्जुनाने विचारलं. "दुसरी खेप झाली का?"

 दादासोंनी एक चिपाड घेतलं, मोडलं, चुलवाणात टाकलं.

"झाली का वो?"

"केरबातात्या आजूनबी तिथंच ऱ्हातो," ते म्हणाले. "नाथानं लय समजावलं. येत न्हाई. रोज सांजच्याला काठावर जातो. कुणाशी बोलतो… ठावं न्हाई."

चरकाचे बैल सोडलेले होते. बाहेर ऊस नुसता उभा होता, पानसुद्धा हलत नव्हतं. बाळासोने मागे वळून पाहिलं आणि तो आमच्या बाजूला सरकून बसला.

दादासोंनी पुढचं हळू सांगितलं. आतापर्यंतचं सगळं नाथाजीचं, एवढं माझ्या डोळ्यांचं, असं म्हणाले.

नाथाजीला दवाखाना सोडता येत नव्हता. तो म्हणाला, दादा, तराफा चिखलावर तसाच टाकलाय, जरा वर ओढून ठेव. दादासो भामाबाईला बरोबर घेऊन वसाहतीच्या काठावर गेले. तराफा होता तिथेच होता. पिंपं एका ओळीत, फळ्या जागच्या जागी. ओढायला म्हणून त्यांनी पुढच्या पिंपाचा दोर धरला आणि झटका दिला.

दोर हातात आला.

त्या तराफ्याला खिळा नव्हता. पिंपं, बांबू, फळ्या, सगळं काथ्याच्या दोरांनी आवळून बांधलेलं. गाठी पलटणीतल्या. वर्षभर पाण्यात राहिलेली काथ्याची गाठ सळई घातल्याशिवाय सुटत नाही. दादासोंनी दुसरा दोर धरला. तोही आला. तिसरा… चौथा. दोर पिंपांवर नुसते गुंडाळलेले होते. त्यांनी चिखलात आडवं होऊन खालून हात घातला. पिंपांच्या पोटाखाली, जिथे पाण्यात कुणाचा हात पोचत नाही, तिथेही तसंच.

एवढं पाणी तो तसाच तरून आला होता.

त्यांनी भामाबाईकडे पाहिलं. ती काठावर उकिडवी बसली होती.

"अडलेल्या बाईजवळ गाठ ठेवत न्हाईत, दादासो," ती म्हणाली. "केस सोडत्यात, कुलपं उघडत्यात, जनावरांची दावी सोडत्यात. मी छपरातल्या समद्या सोडल्या. ह्यो तराफा माज्या ध्यानात आला न्हाई."

तराफ्याकडे बघत ती म्हणाली, "कुणाच्या तरी आला."

दादासोंनी ते दोर एक एक करून चिखलावर मांडले. तुटलेला एकही नव्हता. काथ्यावर गाठींचे मोड तसेच होते, पीळ दाबला गेलेला, काळा पडलेला. गाठ एकही नव्हती.